‘बिलव्हेड’चे मराठी

अजिंठा गावात पारोचे थडगे आहे आणि भुसावळात मेजर रॉबर्ट गिलचे. पारो २३ मे १८५६ रोजी वारली, गिल १० एप्रिल १८७९ रोजी. मधली तेवीस वर्षे तो याच मुलखात राहिला. पारोचे थडगे तेव्हाच्या निजामाच्या राज्यात, गिलचे इंग्रजांच्या खानदेश जिल्ह्यात, आणि मध्ये अजिंठ्याचा घाट. जळगावात राहणाऱ्या माणसाला दोन्ही ठिकाणे एका दिवसात पाहून रात्री घरी जेवायला परत येता येते. मी कापसाच्या जिनिंगमध्ये दिवाणजी. आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब लिहिले, पण या दोन थडग्यांकडे किती वेळा गेलो, याचा हिशेब ठेवलेला नाही.

सुरुवात एका फसलेल्या कथेपासून झाली. १९९४च्या सुमारास, वयाच्या पंचविशीत, मी गिल-पारोवर एक दीर्घकथा लिहिली आणि एका दिवाळी अंकाकडे पाठवली. तीत घोड्यावरून येणारा गोरा साहेब होता, वाघूर नदीचा काठ होता, पळसाची फुले होती. पारो रानातून पाने-फुले आणून रंग कुटत होती आणि साहेब त्या रंगांनी लेण्यांतली चित्रे कॅनव्हासवर उतरवत होता. शेवटी ती मरते, तो थडगे बांधतो. महिन्याभराने कथा परत आली. सोबत संपादकांचे पोस्टकार्ड होते. त्यावर एकच वाक्य होते : ‘गिल दिसतो, पारो दिसत नाही.’

तेव्हा राग आला होता. पारो पानोपानी होती, तिचे डोळे, तिचे केस, तिचे हसणे सगळे होते. मग ती दिसत कशी नाही? या प्रश्नाचा पाठपुरावा करताना मी कथालेखक व्हायचे राहून गेलो आणि जुने कागद वाचणारा माणूस झालो. इंग्रजी शब्दकोश शेजारी घेऊनच शिकलो. कथेतले प्रेम वाचकाला खरे कशामुळे वाटते, या प्रश्नावर त्या वाचनातून जे हाती लागले, ते इथे मांडतो.

आधी गिलबद्दल जे निश्चित आहे ते पाहू. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास फौजेतला जॉन स्मिथ हा अधिकारी शिकारीच्या निमित्ताने वाघूरच्या खोऱ्यात आला, आणि दहाव्या लेण्यातल्या खांबावर त्याने आपले नाव कोरले. त्यानंतर लेण्यांची कीर्ती विलायतेत पोहोचली. चित्रांची नासधूस होते आहे, त्यांच्या नकला करून घ्याव्यात, असा आग्रह लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने धरला आणि कंपनी सरकारने १८४४मध्ये मद्रास फौजेतल्याच रॉबर्ट गिलची नेमणूक केली. तो १८०४चा जन्म, म्हणजे तेव्हा चाळिशीचा होता. अजिंठ्यास येण्याआधीच त्याचे लग्न झालेले होते. अजिंठा गावातल्या बारादरीत त्याने मुक्काम केला आणि पुढची अठरा-वीस वर्षे लेण्यांतल्या अंधारात काढली.

मोठ्या आकाराच्या पंचविसाच्या वर नकला त्याने विलायतेला पाठवल्या. त्या लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. डिसेंबर १८६६मध्ये तिथे आग लागली आणि चार-पाच वगळता सगळ्या जळाल्या. १८५६च्या सुमारास त्याच्या हाती कॅमेरा आला होता. १८६४मध्ये त्याच्या छायाचित्रांची पुस्तके लंडनला निघाली, त्यांना मजकूर जेम्स फर्ग्युसनचा होता. कॅमेरा आला त्याच सुमारास पारो गेली.

माझ्या कथेचा पहिला टाका इथे उसवला. गिलच्या नकला कॅनव्हासवरच्या तैलरंगातल्या होत्या. रानातल्या पाना-फुलांचा रस तिथे कामाचा नव्हता. पारोने रंग कुटले, हे मी लिहिले ते दुसरे काही सुचले नाही म्हणून. चित्रकाराच्या प्रेयसीने रंग द्यावेत, हे कानाला गोड लागते. तिच्या हाताला मी काम दिले, पण तेही गिलच्या चित्रापुरतेच. त्याच्यावाचून तिला दुसरे जगणे मी दिलेच नव्हते.

आता दगडाकडे येऊ. पारोबद्दल लेखी पुरावा म्हणून हाताशी येतो तो तिच्या थडग्यावरचा इंग्रजी लेख. ‘माय बिलव्हेड पारो’ हिच्या स्मरणार्थ, आणि पुढे मृत्यूची तारीख. बस, एवढेच. बापाचे नाव नाही, गाव नाही, जात नाही, वय नाही. लोककथा तिचे गाव लेणापूर सांगते. जात मात्र मला भेटलेल्या प्रत्येकाने वेगळी सांगितली, आणि बहुतेकांनी स्वतःच्या जातीपासून पुरेशी लांबची सांगितली.

या लेखातला ‘बिलव्हेड’ हा शब्द मला अनेक वर्षे छळतो आहे. मराठीत लिहिणारे आपण सगळे त्याचे सर्रास ‘प्रेयसी’ करतो. मीही केले होते. पण त्या काळच्या इंग्रजी थडग्यांवर हा शब्द बायकोसाठी येतो, आईसाठी येतो, चार महिन्यांच्या तान्ह्या मुलासाठीही येतो. तो विशेषण म्हणून येतो आणि त्याच्या पुढे नाते येते : बिलव्हेड वाइफ, बिलव्हेड सन. पारोच्या दगडावर विशेषण आहे आणि नात्याची जागा मोकळी आहे. तिथे थेट नाव आहे.

त्या मोकळ्या जागेत काय बसवायचे, यावर सगळी कथा ठरते. ‘प्रेयसी’ म्हटले की पळसाची फुले आलीच. ‘रखेली’ म्हटले की वाड्याचा मागचा दरवाजा येतो. ‘लाडकी’ म्हटले की मोठ्याने लहानाकडे पाहिल्यासारखे होते. ‘प्रिय’ हा शब्द पत्राच्या मायन्यात झिजून गेला आहे. आमच्याकडच्या बायका म्हणतात, ‘जीव लावला’, आणि तो मुलाला लावतात, गायीला लावतात, नवऱ्यालाही लावतात. मला तो शब्द सर्वांत जवळचा वाटतो, कारण त्यात लावणाऱ्याचे काहीतरी खर्च होते. पण तोही माझा झाला, गिलचा नव्हे.

पारो वारली तेव्हा मराठीत कादंबरी हा प्रकारच नव्हता. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७चे, म्हणजे तिच्या मृत्यूनंतरच्या वर्षाचे. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्तीही १८५७चीच. शब्द एका जागी गोळा होत होते, कादंबरीचा साचा घडत होता. त्याच सुमारास अजिंठ्यात एक बाई गेली आणि तिची ओळख सांगणारा लेख परक्या भाषेत कोरला गेला.

‘यमुनापर्यटन’ विधवांच्या दुःखाबद्दलची कादंबरी म्हणून ओळखली जाते आणि ते बरोबरच आहे. पण तिच्यात मराठी कादंबरीतले पहिले जोडपेही आहे. यमुना आणि तिचा नवरा विनायकराव प्रवास करतात, जागोजागी विधवांच्या हकीकती ऐकतात आणि त्यावर एकमेकांशी बोलतात. लेखकाला धर्म आणि सुधारणा सांगायची आहे, म्हणून बोलणे बरेचसे प्रवचनासारखे होते. तरी नवरा आणि बायको एकाच प्रश्नावर बरोबरीने विचार करत आहेत, हे दृश्य मराठी गद्यात नवीन होते. पुढे विनायकराव मरतो आणि यमुनेवर तीच वेळ येते, तेव्हा वाचकाला त्या संवादांची उणीव जाणवते. नवरा-बायकोत ‘प्रेम होते’ असे निव्वळ सांगितले असते तर ती जाणवली नसती.

चार वर्षांनी, १८६१मध्ये, लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली. तीत पती-पत्नीची ताटातूट आहे, दुष्टांची कारस्थाने आहेत, संकटांमागून संकटे आहेत आणि अखेर भेट आहे. वाचकांना ती फार आवडली. प्रेमाची परीक्षा इथे बाहेरून येते. दोघांच्या मनात एकमेकांविषयी तिळभर शंका नाही, त्यामुळे दोघांना एकमेकांशी बोलण्यासारखे काही उरतही नाही. माझी कथा, आज मागे वळून पाहतो तर, सव्वाशे वर्षे उशिरा लिहिलेली ‘मुक्तामाला’च होती.

त्या काळच्या लेखकांपुढची अडचणही लक्षात घ्यायला हवी. मुलीचे लग्न आठव्या-दहाव्या वर्षी होत असे. लग्नापूर्वी ओळख, आकर्षण, निवड, हे पांढरपेशा घरांतल्या प्रत्यक्ष जगण्यातच नव्हते, तर ते लिहायचे कुठून? हरि नारायण आपट्यांनी या अडचणीतूनच वाट काढली. ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० ते १८९३ या काळात ‘करमणूक’मधून क्रमशः आली. त्याच दरम्यान, १८९१मध्ये, संमतिवयाचा कायदा होऊन महाराष्ट्रात रणे माजली होती. यमू स्वतःची हकीकत स्वतः सांगते. तिचा नवरा रघुनाथराव तिला वाचायला शिकवतो, तिला घेऊन मुंबईस बिऱ्हाड करतो. त्या दोघांतले प्रेम वाचकाला पटते, कारण ते घडताना दिसते. धडा चुकतो, घरच्या मोठ्यांचा धाक असतो, नवऱ्याशी चारचौघांत बोलायची चोरी असते आणि तरीही रोज थोडे थोडे काही वाढत जाते. शिवाय त्या प्रेमाची किंमत कोण मोजतो, हेही दिसते. नवरा गेल्यावर ती सगळी किंमत एकट्या यमूकडून वसूल केली जाते.

पुढे काळ बदलला, मुली कॉलेजात गेल्या, आणि ना. सी. फडक्यांनी लग्नाआधीच्या प्रेमाला मराठी कादंबरीत ऐसपैस जागा दिली. ‘दौलत’ १९२९ची. कथा कशी रचावी याचा शास्त्रशुद्ध विचार करणारे त्यांचे ‘प्रतिभासाधन’ १९३१मध्ये आले आणि नवशिके लेखक ते पोथीसारखे वाचू लागले. फडक्यांवर पुष्कळ टीका झाली, तिची पुनरुक्ती करत नाही. त्यांच्यामुळे दोन तरुण माणसे एका खोलीत सहज बोलताना लिहायची सवय मराठीला लागली, हे कबूल केले पाहिजे. त्या खोलीत बाईच्या बाजूने काय दिसते, हे ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने आलेल्या ‘कळ्यांचे निःश्वास’ने १९३३मध्ये सांगितले, आणि त्या पुस्तकाने केवढे वादळ उठवले ते सर्वश्रुत आहे. शिकलेली, मिळवती मुलगी प्रेमाचा विचार करते तेव्हा तिच्यापुढे आईबापांचे घर, पगार, वय आणि लोक काय म्हणतील, हे सगळे एकदम उभे असते. हे उभे करणारे पात्र वाचकाला खरे वाटले, म्हणूनच एवढा संताप झाला.

या सगळ्या प्रवासात खानदेशचा एक मोठा माणूस अनपेक्षितपणे भेटतो. खानदेशचा म्हणजे शेवटचा मुक्काम इथला. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथे उभे राहिले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड काढणाऱ्या, दप्तरांच्या शोधात गावोगाव पायपीट करणाऱ्या या माणसाने १९०२मध्ये ‘कादंबरी’ नावाचा निबंध लिहिला होता. त्यात अद्भुत आणि वास्तव या कादंबरीतल्या दोन प्रवृत्तींचा विचार आहे. भारतीय विवाहसंस्थेच्या इतिहासावरही त्यांनी पुढे लिहिले. जळगाव-धुळे एसटीने मंडळात जाऊन मी राजवाडे वाचू लागलो तेव्हा वाटले, कागदावाचून एक पाऊल न टाकणाऱ्या माणसाला कल्पनेच्या साहित्यात एवढा रस कसा? आता वाटते, कागद किती तोकडा असतो हे त्यांच्याइतके कुणाला माहीत असणार! जिथे कागद संपतो, तिथे काय करायचे, हा प्रश्न इतिहासकारालाही पडतो आणि कादंबरीकारालाही.

कागद असेल तर काय होते, याचे उदाहरण निजामाच्याच राज्यातले आहे. हैदराबादचा इंग्रज रेसिडेंट जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक आणि तिथल्या उमराव घराण्यातली खैरुन्निसा यांचे प्रेम व विवाह एकोणिसाव्या शतकाच्या अगदी आरंभीचे. पत्रे, चौकशीचे कागद, मृत्युपत्र, सगळे उपलब्ध आहे. विल्यम डालरिंपल यांनी त्या आधारे २००२मध्ये ‘व्हाइट मुघल्स’ हा ग्रंथ लिहिला. खैरुन्निसेला घराणे होते, आई होती, आजी होती, तिची बाजू मांडणारे लोक होते, म्हणून तिच्याबद्दल कागद झाले. पारोजवळ यांपैकी काही नव्हते. तिच्या माणसांनी पत्रे लिहिली नाहीत. पन्नास वर्षांत इंग्रजांची रीतही बदलली होती. देशी बाईबरोबर घर करणे आता चारचौघांत सांगण्याची गोष्ट राहिली नव्हती. अशा काळात गिलने तिचे नाव उघड दगडावर कोरले, एवढे त्याच्या बाजूने म्हणावेच लागते. त्याच वेळी तो पगारी फौजी अधिकारी होता आणि ती रानातल्या खेड्यातली बाई. नाही म्हणायची मुभा तिला कितपत होती, हा प्रश्न त्या दगडाने मिटत नाही. गिल-पारोची कोणतीही कथा हा प्रश्न टाळून गेली, तर ती कितीही सुरेल असली तरी जाणत्या वाचकाला पोकळ वाटणार.

आपल्याकडे ही कथा घरोघर गेली ती ना. धों. महानोरांमुळे. पळसखेडचा हा शेतकरी कवी १९४२चा जन्म, २०२३मध्ये गेला. काही काळ शिकायला आमच्या जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयात होता आणि मग शेतीकडे परतला. त्यांचे ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य १९८४चे. त्यावर नितीन चंद्रकांत देसाई यांचा चित्रपट २०१२मध्ये आला. त्यानंतर थडगे पाहायला येणाऱ्यांची संख्या वाढली. कवितेला कवितेचा कायदा असतो, तिला दिवाणजीने हिशेब मागू नये. मी बोलतो आहे ते गद्य कथेबद्दल, आणि प्रामुख्याने माझ्या स्वतःच्या.

काही वर्षांपूर्वी अजिंठ्यात थडग्याजवळ उभा होतो. बाजूने जाणारी एक म्हातारी थांबली. सवयीने मी तिला गिलची हकीकत सांगू लागलो. तिने ती पूर्ण ऐकून घेतली आणि म्हणाली, “भाऊ, साहेब चित्रं काढे, ते समजलं. पण ती दिवसभर काय करे?”

संपादकांच्या पोस्टकार्डाचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

त्यानंतर मी पुन्हा लेण्यांत गेलो, सोळाव्या क्रमांकाच्या. हे लेणे वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात करवले. त्यात एक चित्र आहे, ज्याला ‘मरणासन्न राजकन्या’ म्हणतात. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७४मध्ये त्या चित्राबद्दल लिहिले, की रेखाटन फ्लॉरेन्सच्या चित्रकाराने याहून चांगले केले असते, रंग व्हेनिसच्या चित्रकाराने, पण एवढा भाव दोघांनाही आणता आला नसता. ही राजकन्या म्हणजे सुंदरी, बुद्धाचा धाकटा भाऊ नंद याची बायको. नव्या लग्नाचा नंद भिक्षू झाला. अश्वघोषाने ‘सौंदरनंद’ हे महाकाव्य याच दोघांवर रचले.

चित्रात नंद तिच्याजवळ नाही. आलिंगन नाही, निरोप नाही. नंदाने उतरवलेला मुकुट घेऊन निरोप्या आला आहे. सुंदरीची मान कलली आहे, डोळे मिटत आले आहेत, हात सैल पडला आहे. एक दासी तिला मागून सावरते आहे, दुसरी मनगट धरून पाहते आहे, भोवतालच्या बायकांच्या चेहऱ्यांवर धास्ती आहे. तो मुकुट आणि त्या बायका पाहून कळते, की या दोघांत काय होते. घरातल्या दासींना ते आधीपासून माहीत होते, म्हणून त्या घाबरल्या आहेत. सुंदरीला भोवताल आहे, तिच्यासाठी धावणारी माणसे आहेत. माझ्या पारोच्या मरणाला गिलशिवाय कुणीही हजर नव्हते. तिची आई नव्हती, बहीण नव्हती, लेणापूरचे एक माणूस मी येऊ दिले नव्हते.

आज ती कथा पुन्हा लिहायची झाली तर मी पळसाची फुले काढून टाकीन. लेण्यांत अंधार असतो. विजेचे दिवे येईपर्यंत तिथे दाराशी आरसा किंवा पांढरे कापड धरून ऊन आत परतवत आणि त्या उजेडात चित्र पाहत. ऊन सरकले की आरसाही सरकवावा लागतो. गिललाही अशा उजेडावाचून गत्यंतर नव्हते. तो उजेड पारो धरत होती याला पुरावा नाही, पण ते पुराव्याच्या विरोधातही जात नाही. असे धरून चाललो तर तिला मजुरीचे एक काम मिळते, त्याला तिच्यावर अवलंबून राहावे लागते, तिचा हात कंटाळून खाली आला की चित्र अंधारात जाते. एखाद्या दिवशी ती येत नाही. का येत नाही, हे त्याला विचारता येत नाही, कारण त्याची भाषा तुटपुंजी आहे. ती का आली नाही, हे वाचकाला मात्र माहीत असते : घरी भांडण झाले आहे, गाव बोलू लागले आहे, आणि संध्याकाळी बारादरीकडे जाणाऱ्या वाटेवर कोण उभे असेल याची तिला भीती आहे. तरी दुसऱ्या दिवशी ती येते. तिथे ती स्वतः काहीतरी ठरवते, आणि तिथून पुढे ती कथा दोघांची होते.

त्यानंतरही तिच्या थडग्यावरच्या शब्दाचे मराठी कुणी विचारले तर मी एक शब्द देऊ शकणार नाही. दगडावर नात्याची जागा ज्याने मोकळी ठेवली, त्याला सुचला नाही की धजवला नाही, हे आता ठरवता येत नाही. कथा लिहिणाऱ्याने तिथे घाईने ‘प्रेयसी’ लिहू नये, एवढेच पोस्टकार्ड आल्यापासूनच्या तीस वर्षांत शिकलो.

ते पोस्टकार्ड जपून ठेवले आहे. संपादक आता हयात नाहीत. नवी कथा कुणाला दाखवायची, असा विचार करतो तेव्हा थडग्याजवळची ती म्हातारी डोळ्यांपुढे येते. लिहून झाली की अजिंठ्याला जाऊन तिलाच वाचून दाखवावी म्हणतो.